अडीच लाखांची रायफल की चार डब्या पेलेट?

कराडहून एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी नववीत आहे, वर्षभर शूटिंग क्लबात जाते. घरी चौदा हजारांची देशी एअर रायफल आहे, बॅरल खाली वाकवून भरायची, स्प्रिंगवाली. दहा मीटरवर नेम विखुरतो. क्लबातले म्हणतात, ही आता सोडा, हवेच्या सिलिंडरवर चालणारी इंपोर्टेड घ्या. सेकंडहँड अडीच लाखांत मिळतेय. पन्नास हजार एफडी मोडून आणि दोन लाख पर्सनल लोन काढून, १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी, असा त्यांचा बेत आहे. हार्डवेअरच्या दुकानातून सगळा खर्च जाऊन महिन्याला नऊ हजार उरतात. घ्यावी का?

ताई, आत्ता नको. मुलीच्या हौसेला माझा विरोध नाही, पण तुमच्या हिशेबात पेलेटच, म्हणजे रायफलीत भरायचे शिशाचे छर्रेच, नाहीत.

आधी हप्ता बघा. दोन लाखांचा ईएमआय साधारण ६,८३५ रुपये येतो. तीन वर्षांत व्याजापोटीच ४६ हजार जातात. नऊ हजारांतून हप्ता भरला की हातात राहतात २,१६५. तुम्ही लिहिलंय की ती आठवड्यातून पाच दिवस जाते आणि रोज साठेक शॉट मारते. म्हणजे महिन्याला १,३०० पेलेट, ५००च्या अडीच डब्यांहून थोडे जास्त. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) पेलेटची डबी तुम्ही १,४०० रुपये सांगितली आहे, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या वर. रायफल लाखांची आणि तिच्यात भरायला पैसे नाहीत, अशी वेळ पहिल्याच महिन्यात येईल. त्यात दुकानाला मंदी आली तर आधाराला जी एफडी आहे, तीही अर्धी मोडलेली.

आता विखुरलेल्या नेमाकडे येऊ. तुम्ही सध्या ४५० रुपये डबीचे टोकदार पेलेट वापरता. कागदावर नेमबाजी करायची तर चपट्या डोक्याचे घ्या. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, टोकदार पेलेट कागद फाडतो आणि गुण मोजताना वाद होतो. वजन ०.४५ ते ०.५३ ग्रॅमच्या दरम्यान ठेवा. कमी ताकदीच्या स्प्रिंग रायफलला बहुतेक वेळा हलका मानवतो, पण हे रायफल स्वतःच ठरवते. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे पेलेट आवडतात, त्यामुळे 'सगळ्यात महाग तो सगळ्यात चांगला' हा नियम इथे चालत नाही. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसतील. ते डोक्याच्या मापाचे, मिलिमीटरमध्ये. पेलेट बॅरलमध्ये अंगठ्याने बसवताना एक सैल घसरतो, दुसरा किंचित अडून बसतो. हा फरक मुलीच्या बोटाला कळायला लागेल.

चार प्रकारच्या डब्या घ्या, एच अँड एन, आरडब्ल्यूएस वगैरे कंपन्यांचे साधे मॅच पेलेट आणि एखादा देशी. शक्य असेल तर क्लबातल्या चार पालकांत वाटून घ्या, म्हणजे हजार रुपयांत काम होईल. मग एक रविवार द्या. आधी लाकडी दस्त्याचे स्क्रू आवळा. स्प्रिंगच्या धक्क्याने ते सैल होतात आणि निम्म्या वेळा 'रायफल खराब' म्हणजे तेच असतं. बॅरल बंद असताना हाताने हलवून बघा. लटलटत असेल तर आधी दुरुस्ती. आत तेल सोडू नका. तेल जळून धूर येतो, शॉट भलतीकडे जातो आणि सीलही जातं. रिकामी रायफलही मारू नका, स्प्रिंगचं नुकसान होतं.

बसून, हाताखाली मऊ गादी ठेवून मारायचं. रायफल आवळून धरायची नाही. तळहातावर नुसती टेकू द्यायची आणि तिला तिचा धक्का घेऊ द्यायचा. पेलेट बदलला की पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत. नंतर पाच-पाच शॉटचे तीन ग्रुप, म्हणजे कागदावर भोकांचे तीन पुंजके. ग्रुप टार्गेटवर कुठे पडला ते सध्या विसरा, किती घट्ट पडला तेवढं बघा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून पेलेटची जाडी, ४.५ मिलिमीटर, वजा करा. उरेल ते ग्रुपचं माप.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, नऊचं वर्तुळ ५.५ मिलिमीटर. ग्रुप १० मिलिमीटरचा आणि मध्यावर बसलेला असेल, तर त्यातला सगळ्यात वाईट शॉटही नऊच्या रेषेला टेकतो. तोच ३० मिलिमीटरचा असेल तर वाईट शॉट पाचवर जातो. एका चांगल्या पेलेटने हा फरक काही रायफलींत खरोखर पडतो. काहींत पडत नाही, तेही कळू दे; थोडक्या पैशांत कळलं तर स्वस्तच.

जो पेलेट जिंकेल त्याच्या एकाच लॉटच्या पाच डब्या घ्या, वर्षाचा साठा नको. शिसं दमट हवेत पांढरं पडतं, म्हणून झाकण घट्ट. वापरताना काळ्या कापडावर ओतून मागचा घेर दबलेले पेलेट बाजूला काढायचे. नेमबाजीनंतर साबणाने हात, मगच डबा.

रायफल कधी बदलायची याला माझा निकष असा. मुलीचा बसून आलेला ग्रुप आणि उभं राहून आलेला ग्रुप शेजारी ठेवा. उभ्याचा खूप मोठा असेल तर कमी आहे ती सरावाची, आणि ती अडीच लाखांनी भरत नाही. दोन्ही जवळपास सारखे झाले की समजा, पोरीने रायफलीला गाठलं. तेव्हा घ्या, मीच सांगेन. तोवर ओपन साइटच्या, म्हणजे बॅरलवरच्या साध्या माशी-खाचेने नेम धरायच्या, स्पर्धा कुठे होतात आणि हीच रायफल तिथे चालते का, ते कोचना विचारा. स्वस्त दुर्बीण लावायचा मोह टाळा. दहा मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही, आणि स्प्रिंगचा पुढे-मागे बसणारा धक्का ती फार दिवस सोसतही नाही.

नऊ हजारांतले चार हजार पेलेट आणि क्लबासाठी ठेवा, पाच हजारांची आरडी उघडा. सात टक्क्यांनी दोन वर्षांत सव्वा लाखाच्या पुढे जाते, मग लागलंच तर कर्ज दोन लाखांऐवजी सव्वा लाखाच्या आत येतं. एफडी तशीच राहू द्या. 

आणि सेकंडहँड घ्यायची वेळ आलीच, तर सिलिंडरवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरलं जातं. नवा सिलिंडर वेगळा विकत घ्यावा लागतो आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही.