वाचक विचारतात: व्हायरसने मारलं की बॅक्टेरियाने?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या वाडीतल्या कुत्र्याला डिस्टेंपर झाला तर व्हेटने अँटिबायोटिक दिलं. पण हा तर व्हायरसचा रोग ना? आणि रानातल्या प्राण्यांना पण असे दोन-दोन रोग एकदम होतात का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर: तुमच्या व्हेटने बरोबरच केलं. डिस्टेंपरचा व्हायरस पांढऱ्या पेशी मारतो आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तरही खराब करतो, मग एरवी नाकाघशात गप पडून असलेले बॅक्टेरिया थेट फुफ्फुसात उतरतात. आपल्याकडे गोवर उतरला तरी पोराला जपतात ना, छातीत कफ धरेल म्हणून, ते उगाच नाही, गोवराचा व्हायरस या डिस्टेंपरचा जवळचा भाऊबंदच आहे. अँटिबायोटिक व्हायरसला काही करत नाही, पण मागून घुसणाऱ्यांना अडवतं.

रानात पण होतं, आणि समुद्रात तर फार वाईट झालंय. १९८८ च्या एप्रिलात डेन्मार्कच्या अनहोल्ट बेटावर सील या समुद्री प्राण्याची अपुऱ्या दिवसांची मेलेली पिल्लं दिसायला लागली, मग मोठे सील मरून किनाऱ्याला लागले आणि बघता बघता उत्तर युरोपात अठरा हजारांच्या आसपास गेले. व्हायरस निघाला डिस्टेंपरच्याच घराण्यातला. पण फुफ्फुसं उघडली तर कितीतरी जणांत बॅक्टेरियाचा न्यूमोनिया, त्यात बोर्डेटेला हा बॅक्टेरिया पण, तोच कुत्र्यांच्या केनेल कफवाला, म्हणजे त्यांच्या साथीच्या खोकल्याचा.

मला मात्र त्याआधीची एक केस जास्त महत्त्वाची वाटते. १९७९-८० मध्ये अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर चारशेहून जास्त सील न्यूमोनियाने मेले, बहुतेक कोवळ्या वयाचे. त्यांच्यात पक्ष्यांच्या फ्लूसारखा व्हायरस सापडला, एच७एन७. झालं, कारण मिळालं असंच वाटेल ना, पण तोच व्हायरस प्रयोगात दुसऱ्या सीलना दिला तर त्यांना श्वासाचा थोडासाच त्रास झाला! मेलेल्यांत तोवर माहीत नसलेला एक मायकोप्लाझ्मा, म्हणजे बॅक्टेरियाच, पण होता, त्यामुळे दोघांनी मिळून घात केला असावा असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणूनच मेलेल्या प्राण्याची एक टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच फाइल बंद करतात ते मला अजिबात पटत नाही.

आणि प्लीज, वाडीतल्या बाकी सगळ्या कुत्र्यांना डिस्टेंपरची लस टोचून घ्या, कारण बिबट्या कुत्रं उचलतो, हा व्हायरस त्यालाही होतो, आणि त्याला अँटिबायोटिक द्यायला रानात कोणी जाणार नाही.