सड्यावरचे सरपटणारे प्राणी आणि वटवाघळं २ दिवसांत मोजता येतात का?

नाही येत. तुम्ही लिहिलंय की गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, प्रकल्पाआधी भर मे महिन्यात २ दिवस पाहणी झाली आणि अहवालात ‘उल्लेखनीय वन्यजीव आढळले नाहीत’ असं आलं. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा पाहण्यांना हौशी अभ्यासक म्हणून जातो. तेवढ्या वेळात काय दिसलं हे लिहिता येतं, काय नाही हे लिहिता येत नाही.

दिवसा कातळावरून चालत गेलात तर तो ओसाडच वाटणार. जीव असतो सुट्या दगडांखाली. १९६३ साली रत्नागिरीतल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून एका छोट्या पालीचं शास्त्रीय वर्णन झालं, हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. कोकणच्या सड्यांची ही खास पाल रात्री हिंडते, दिवसा दगडाखाली बसते. दगड न उचलता केलेल्या पाहणीत ती कशी सापडेल? उचलायचीही रीत आहे. आकड्याच्या काठीने पलीकडची कड आपल्याकडे ओढायची, म्हणजे खाली फुरसं, हा विषारी साप, असलंच तर दगड मध्ये राहतो. नोंद झाली की दगड त्याच खळग्यात, होता तसाच परत. ही शिस्त न पाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बागेसाठी, गडग्यासाठी म्हणजे दगडी कुंपणासाठी दगड वेचले जातात तेव्हाही त्या पालीचा आसराच जातो.

वटवाघळांसाठी दिवस मावळताना गुहेच्या किंवा पडक्या वास्तूच्या तोंडाशी बसून बाहेर पडणारी मोजतात. कीटक खाणाऱ्यांचे आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, म्हणून ते टिपणारं यंत्र, बॅट डिटेक्टर, लागतं. पण काही जातींचा आवाज इतका क्षीण असतो, की त्या अगदी जवळून गेल्या तरच यंत्राला कळतं. दमट हवेत उंच पट्टीचे आवाज लवकर विरतात, आणि किनाऱ्यावर दमटपणाला काय तोटा! फळं खाणारी मोठी वटवाघळं तर वाट शोधायला प्रतिध्वनी वापरतच नाहीत, म्हणून तिथे यंत्राचा उपयोग नाही. ती वस्तीच्या झाडावरच मोजावी लागतात. खाडीकाठच्या चिप्पी या खारफुटीच्या झाडाची फुलं रात्री उमलतात, तिथे मकरंदासाठी येणाऱ्यांवर वेगळी नजर हवी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत फळं खाणारी वटवाघळं कायद्याने उपद्रवी प्राण्यांत गणली जात होती, त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष करायची सवय जुनी आहे.

तेव्हा अहवाल मागून घ्या आणि चार गोष्टी बघा: पाहणीचे महिने, दिवसाची वेळ, दगड उचलले होते का, रात्री कोणी थांबलं होतं का. पावसाळ्यातली एकही फेरी नसेल तर जनसुनावणीत लेखी हरकत घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. गुराखी आणि आंबेवाल्यांना काय दिसतं ते फोटो, तारीख, जागेसह तिच्यात चढवा. कोणतंही जनावर पकडू मात्र नका, त्याला वनखात्याची परवानगी लागते.