गाडी कोर्टाने सोडली, पोलीस स्टेशन सोडेना

प्रश्न : वकीलबाई, मी फुलेवाडीत राहतो, पहाटे घरोघर दूध घालतो. माझी मोटारसायकल रंकाळ्यावरून चोरीला गेली. पोलिसांनी ती महिन्याभरात शोधून काढली, ते मान्यच करायला पाहिजे. कोर्टात अर्ज केला, बंधपत्रावर गाडी परत द्यायचा हुकूमही झाला. पण हुकूम घेऊन स्टेशनला चार चकरा झाल्या. मुद्देमाल बघणारे हवालदार म्हणतात, "गाडी शोधून दिली, पोरांना पार्टी नको का?" पाच हजार सांगितलेत. सध्या भाड्याच्या गाडीला रोज दोनशे जातात. घरचे म्हणतात, देऊन मोकळा हो. दिले तर मी गुन्हेगार होतो का? आणि नाही दिले तर दूध कशावर घालू?

उत्तर : घरच्यांचा हिशेब चुकीचा नाही. मात्र तो हवालदारालाही येतो. रोजचे दोनशे जातात हे तुम्ही त्याच्यासमोर कळवळून बोलला असणार, पाच हजाराचा आकडा तिथूनच निघाला. पुढच्या खेपेला घाई दाखवू नका. "हुकुमाप्रमाणे गाडी कधी मिळेल, एवढं लिहून द्या," इतकंच बोला.

मी फार शहाणपणा शिकवत नाही. सनद मिळून दोनच वर्षं झाली होती तेव्हा भावाच्या अपघाताच्या पंचनाम्याच्या नकलेसाठी मी स्वतः दोनशे रुपये दिलेत. हवालदाराने हातात घेतले नाहीत. "समोरच्या टपरीवर चहाचे द्या," म्हणाला. टपरीवाल्याने न विचारता गल्ल्यात टाकले, म्हणजे रोजचंच असणार. काळा कोट घालून मी ते मुकाट्याने केलं.

आता कायदा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणारा सुटतो. देण्याआधीच कळवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून दिले, तरी संरक्षण आहे. म्हणून "देऊन मोकळा हो" हा सल्ला अर्धाच. देऊन गप्प बसलात तर मोकळे होत नाही, अडकता.

तुमच्या हातात कोर्टाचा हुकूम आहे, ही मोठी गोष्ट. पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहा, हुकुमाची नक्कल जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. एक प्रत पोलीस अधीक्षकांना. तरीही हालचाल नसेल, तर ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी हुकूम दिला त्यांच्याकडेच वकिलामार्फत अर्ज टाका, की हुकूम पाळला जात नाही. खुलासा द्यायची वेळ आली की "साहेब नाहीत, चावी नाही" ही कारणं आपोआप संपतात, हे मी बऱ्याचदा बघितलंय. जप्त गाड्या पोलीस स्टेशनच्या आवारात वर्षानुवर्षं ठेवायच्या नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात २००२ सालीच सांगितलंय. तरी कुठल्याही स्टेशनच्या मागं जाऊन बघा : चाकांत गवत, सीटखाली मुंग्या, टाकी आधीच रिकामी.

अर्ज दिल्यावरही त्याने पुन्हा पैशाचं काढलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. त्यांचं कार्यालय कोल्हापुरातही आहे. तिथेही पोलीसच बसलेत ही लोकांची शंका मला समजते, पण त्यांची वरची साखळी तुमच्या स्टेशनपेक्षा वेगळी असते. तक्रार दिली की लगेच सापळा लावत नाहीत, आधी पडताळणी होते. तुमच्या खिशात रेकॉर्डर देतात आणि सोबत एक सरकारी नोकर पंच म्हणून येतो. विचारलं तर तो तुमचा मेव्हणा. पैशाचा विषय तुम्ही काढायचा नाही. मागणी हवालदाराच्या तोंडून आली पाहिजे, नाहीतर खटला टिकत नाही. मग तुमच्याच नोटांचे नंबर लिहून घेतात, त्यांना पावडर लावतात. जाताना कुणाशी हात मिळवू नका, ती पावडर इकडची तिकडे होते. त्याने नोटा घेतल्या की बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवतात, पाणी गुलाबी होतं. नोटा पुराव्यात अडकल्या तरी तेवढी रक्कम सरकार तुम्हाला नंतर देतं, आणि अडलेलं कायदेशीर काम करून घ्यायलाही हा विभाग मदत करतो.

एक मात्र आधीच सांगते. काही वर्षांनी साक्षीला उभं राहावं लागेल, आणि तोवर गल्लीतलेच कुणीतरी "मिटवून टाक" म्हणून घरी येतील. त्याची तयारी असेल तरच सापळ्याच्या वाटेला जा. नसेल तर कागदाची वाट धरा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि बोलणं आतच करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाने प्रत्येक पोलीस स्टेशनला कॅमेरे सक्तीचे झालेत. तुम्हाला "चला, चहा घेऊ" म्हणून बाहेर नेतात ते तुमच्या प्रेमापोटी नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं म्हणून कुणी शासकीय गुपितांच्या कायद्याचा धाक घातला, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये पोलीस स्टेशन हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही असं म्हटलंय, हे शांतपणे सांगा. वाद घालू नका, गाडी अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

प्रश्न : मुलीच्या पासपोर्टच्या पडताळणीला घरी आलेल्या पोलिसाला किती द्यायचे? शेजारी पाचशे म्हणतात. (राजारामपुरी)

उत्तर : काही नाही. पासपोर्टची फी तुम्ही अर्जाबरोबरच भरलीत, पडताळणीला वेगळे पैसे नाहीत. आधार, जन्मदाखला, लाइट बिल यांच्या प्रती काढून ठेवा, म्हणजे "पुन्हा यावं लागेल" म्हणायला जागा राहणार नाही. चहा द्या हवं तर. दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता कोल्हापुरात कोण पाठवतं? पण शेजाऱ्यांनी पाचशे दिलेत, म्हणजे तोही थोडा वेळ जास्त बसेल. बसू द्या, दुसरा कप करा.