पडदा जाड बसवलाय, मग ऐकू येईल का?

कानाच्या पडद्याला कूर्चा, म्हणजे मऊ हाड, लावून घेतलेल्यांच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. भोक बुजलं, पू थांबला, पण एवढ्या जाड पडद्यातून आवाज आत जाणार कसा? ही भीती मला कधीच खुळी वाटलेली नाही. ती उगाच मनात घर करून राहू नये, म्हणून एका तरुणाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

डिचोलीकडचा पंचविशीतला मुलगा, सोबत आई. डाव्या कानातून लहानपणापासून पू यायचा. आधी एकदा पडदा बसवला होता. तेव्हा कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेतलं होतं. तो आत ओढला जाऊन पुन्हा फाटला. दुसऱ्या वेळी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, सर्जननी कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्यातली कूर्चा वापरली. माझ्याकडे ते आले तेव्हा ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये त्यांनी कानात हवेचा दाब देऊन करतात ती तपासणी करून घेतली होती. कागदावर सपाट रेघ आली आणि ‘पडदा हलत नाही’ असं कानावर पडलं. आई रडवेली झाली होती. ‘मॅडम, मऊ हाड घातलंय म्हणे. आवाज भितर वतलो कसो?’

मुलगा चवथीच्या आरत्यांना घुमट, म्हणजे चामडं लावलेलं मडक्याचं वाद्य, वाजवणारा. त्याचं म्हणणं नेमकं होतं: चामडं जाड लागलं तर घुमट बसका वाजतो, मग कानाचं तसंच नाही का?

मी त्याला म्हटलं, ‘तू बरोबर बोलतोयस, पण घुमटाचं चामडं स्वतः घुमायला हवं. कानाच्या पडद्याला घुमायचं नसतं. त्याला चिकटलेल्या हातोडी नावाच्या हाडाला ढकललं की त्याचं काम झालं. पुढे ऐरण, मग रिकीब, आणि तिथून आतल्या कानातलं पाणी हलतं.’

आपला मूळ पडदा साधारण एक दशांश मिलिमीटरचा. कानासमोरची कूर्चा जवळजवळ एक मिलिमीटर असते. म्हणून बरेच सर्जन ती तासून अर्ध्यापर्यंत आणतात. त्या जाडीत आवाजाचं वहन फारसं अडत नाही. आवरणाचा पडदा आणि कूर्चेचा पडदा यांची तुलना करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत ऐकण्याचा फरक किरकोळ निघाला आहे. कूर्चेची खरी किंमत वेगळीच आहे. नाकामागून कानात हवा नेणारी नळी अशक्त असली की मधल्या कानात ओढ निर्माण होते आणि पातळ पडदा आत खेचला जातो. कूर्चा ताठ असल्याने ती ओढ सोसते, आणि रक्तपुरवठा फारसा नसतानाही टिकते. ज्याचा पडदा एकदा फाटला आहे त्याच्यासाठी सर्जननी हाच मार्ग निवडला, यात मला काहीच वावगं दिसत नाही.

आणि ती सपाट रेघ? ताठ पडदा हवेच्या दाबाने कमीच हलणार. कूर्चा बसवलेल्या कानात रेघ सपाट येऊनही ऐकू छान येऊ शकतं. या कानाचा निकाल त्या कागदावर लावणं मला मुळीच पटत नाही. ऐकण्याची तपासणी बघायची, ती ऑडिओग्राम. त्यात दोन रेषा असतात: हवेतून ऐकलेलं आणि डोक्याच्या हाडातून ऐकलेलं. दोन्हींतलं अंतर म्हणजे पडदा नि हाडांच्या साखळीतली अडचण. ऑपरेशन मिटवू शकतं ते एवढंच अंतर. हाडाचीच रेषा खाली असेल तर दोष आतल्या कानात, तिथे कूर्चा असो वा आवरण, उपयोग होत नाही.

त्याचं जुनं अंतर ३५ डेसिबलचं होतं आणि हाडाची रेषा उत्तम. शिवाय सहा आठवडे म्हणजे घाई. आत भरलेला विरघळणारा स्पंज, सूज, खपल्या हे सगळं जायला वेळ लागतो. तीन महिन्यांपर्यंत थांबायला सांगितलं. कानात पाणी नको, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. पावसाळ्यात धबधब्याखाली जाणं आणि नदीत बुडी मारणं बंद, सर्जन हो म्हणेपर्यंत.

तीन महिन्यांनी अंतर १५ डेसिबलवर आलं. २० च्या आत अंतर आलं की सर्जन सहसा समाधानी असतात. अगदी वरच्या पट्टीत थोडी कसर राहिली, ती त्याला जाणवतही नाही. आईला मात्र मी स्पष्ट सांगितलं की प्रत्येकाचं असं होत नाही. अनेक वर्षं पू झालेल्या कानात ऐरण झिजलेली असते. तिथे साखळी नव्याने जोडावी लागते आणि निकालाची खात्री कमी होते. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर ‘हाडं शाबूत होती का’ हे आधी बघावं. जाडीची चौकशी त्यानंतर. आणि ज्यांचं अंतर मिटत नाही त्यांच्या हातीही बरंच राहतं: पू वाहणाऱ्या कानात श्रवणयंत्र नीट बसवता येत नाही, कोरड्या बंद कानात येतं.