पुरानंतर दहा ठिकाणांहून मदत येते, ती सगळ्या वस्त्यांपर्यंत पोहोचावी म्हणून समन्वय कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की मागच्या पुरात तुमच्या तालुक्यात रस्त्यावरच्या गावांना चार-चार किट मिळाले आणि नाल्यापलीकडच्या तीन वस्त्यांना आठवडाभर काहीच नाही. आता तुम्ही सहा-सात जण पावसाळ्याआधी तयारीला लागलात आणि सुरुवात कुठून करायची ते विचारताय. माझं उत्तर आधीच सांगते. एक रजिस्टर करा. मदत कुठे गेली ते त्यात लिहाच, पण आज कुठे गेली नाही, ते रोज न चुकता लिहा.

मी वैनगंगेकाठच्या एका गावात राहते, बचतगटांच्या ग्रामसंघाचे हिशेब लिहिते. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आम्ही भोगला. घरोघरी गणपती बसलेले, त्यात कोरोना. वर मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी नदीत आलं, खालच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पाचही जिल्ह्यांत काठची गावं पाण्यात गेली. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजला तर चारी बाजूंनी पाण्याचा वेढा पडला. आमच्या गावावर त्या दिवशी पाऊस फारसा नव्हताच. पाणी मात्र धानाच्या बांध्यांमधून चढत चढत अंगणात आलं.

पाणी उतरलं आणि मदत यायला लागली. लोक किती मनापासून आणत होते ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढचं कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. नागपूरहून टेम्पो आले. शेजारच्या तालुक्यातल्या गणेश मंडळांनी पोळी-भाजीची पाकिटं आणली. एका कंपनीचे किट, एका ट्रस्टच्या साड्या, डॉक्टरांचा एक गट, शिवाय तहसीलचं धान्य वेगळं. पण गाडीवाल्यांना रस्ता एकच ठाऊक होता, डांबरी. डांबर जिथे संपत होतं तिथेच गाडी रिकामी होत होती.

मी शाळेच्या व्हरांड्यात नावं लिहीत बसले होते. वहीची पानं दमट झालेली, त्यावर बॉलपेन उठेना, म्हणून पेन्सिलीनं लिहीत होते. एक म्हातारी कणकेची पिशवी पोटाशी धरून माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमाले कनीक तिसऱ्यांदा भेटली, पन मीठ कोनीच नाही आनलं. अन् चुलीले लाकडंबी ओलेच." आमचा धानपट्टा, घरात रोज भात लागतो. तिच्याकडे ना तवा उरला होता, ना पोळपाट. त्याच दुपारी एक डोंगेवाला, म्हणजे छोटी नाव चालवणारा, आमच्याकडच्या ढिवर या मासेमार समाजातला, पलीकडच्या टोलीवरून, छोट्या वस्तीवरून, आला. तिथे बावीस घरं, आणि माणसं दोन दिवस भिजवलेल्या चण्यावर होती. या व्हरांड्यापासून ती टोली जेमतेम तीन किलोमीटर. मी वही उलटी केली आणि मागच्या पानावर दुसरी यादी सुरू केली, आज कोणीच न गेलेल्या वस्त्यांची. संध्याकाळपर्यंत त्या पानावर अकरा नावं झाली. पुढच्या पानांवर मदत घेऊन आलेल्या चौदा गाड्या होत्या, आणि त्यांतली एकही त्या अकरापैकी कुठे पोहोचली नव्हती.

मोठ्या संस्थांकडे यासाठी 'कोण, काय, कुठे, कधी' असा तक्ता असतो. संयुक्त राष्ट्रांनी २००५ पासून पाणी, निवारा, आरोग्य अशा विषयांप्रमाणे संस्थांचे गट बांधले ते याच कारणासाठी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमला संस्थांचा लोंढा आला, तेव्हा जिल्हा प्रशासनासोबत बसून सगळ्यांसाठी एकच समन्वय केंद्र काढावं लागलं होतं. तालुक्याला एवढा पसारा लागत नाही. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि हे रकाने पुरतात: वस्तीचं नाव, घरं, माणसं, जायला काय लागतं (ट्रॅक्टर, डोंगा की पायी), शेवटची मदत कोणत्या तारखेला, काय आणि कोणाची, उद्या काय हवं. वस्तीचं नाव म्हणतेय, गावाचं नाही. गावाच्या नावापुढे एकदा बरोबरची खूण झाली की टोली, तांडा, गुडा आणि शेतातली झोपडी त्या खुणेखाली झाकली जातात.

हे रजिस्टर स्वतःच्या घरी किंवा संस्थेच्या कार्यालयात ठेवू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. स्वयंसेवी संस्थांना सोबत घेणं हेही त्या प्राधिकरणाच्या कामांत लिहिलेलं आहे. तालुक्यात सूत्रं तहसीलदारांकडे. म्हणून तहसील कार्यालयातच एक टेबल मागा. पुरात तिथली सगळी माणसं पंचनामे, दौरे आणि फोन यांत बुडालेली असतात, लिहायला कोणी मोकळं नसतं. तुमच्यातले दोघं, ज्यांचं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं असे, सकाळी आठपासून तिथे बसवा. आम्हाला कोपऱ्यातलं एक मोडकं टेबल मिळालं होतं, पण तहसीलच्या छताखाली बसल्यावर आमच्या यादीला वजन आलं. बाहेरून जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करून कोणी विचारलं की मदत कुठे द्यावी, तर तिथूनही आमच्याकडेच पाठवू लागले.

बैठक रोज एकाच वेळी घ्या. आम्ही संध्याकाळी सहाला घ्यायचो, व्हरांड्यात उभ्यानं, वीस मिनिटं. सत्कार नाही, प्रास्ताविक नाही. तहसीलचा एक माणूस, पंचायत समितीचा, आरोग्याचा, जनावरांच्या दवाखान्याचा, आणि त्या दिवशी मदत घेऊन आलेले सगळे. आधी रजिस्टरमधल्या रिकाम्या ओळी मोठ्यानं वाचायच्या, मग प्रत्येकानं उद्या आपण कुठे जाणार ते सगळ्यांसमोर सांगायचं. सगळ्यांदेखत बोललेलं माणूस सहसा मोडत नाही.

एका संध्याकाळी एका मोठ्या संस्थेची माणसं तीनशे किट घेऊन आली. गाव त्यांनी आधीच ठरवलेलं, रस्त्याला लागून, बॅनरही बांधून झालेलं. मी काही वाद घातला नाही. त्यांच्या प्रमुखापुढे रजिस्टर ठेवलं आणि त्या गावाच्या ओळीवर बोट ठेवलं: तीन तारखा, तीन संस्था. मग खालच्या चार रिकाम्या ओळी दाखवल्या. तो गृहस्थ बराच वेळ पान बघत राहिला. मग त्यानं एवढंच विचारलं, "ट्रॅक्टर मिळेल का?" ट्रॅक्टर गावातलाच होता, फक्त डिझेल हवं होतं. रात्री साडेनऊला दोन वस्त्यांमध्ये किट उतरले. लोकांना चुकीच्या गावी जायची हौस नसते हो, त्यांना दुसरं गाव माहीतच नसतं.

आता एक गोष्ट जी मला चार दिवस कळली नाही. काही घरं किट घेताना सही द्यायला घाबरत होती, काही तर किटच नको म्हणत होती. खोदून विचारल्यावर समजलं: इथे सही केली तर सरकारी अनुदानाच्या यादीतून नाव कटेल अशी बोलवा उठली होती. तेव्हा पहिल्याच दिवशी कोतवालाकडून दवंडी द्या की संस्थेचा किट वेगळा, घराचं, पिकाचं, जनावराचं सानुग्रह अनुदान वेगळं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. हे तलाठ्याच्या तोंडून वदवून घेतलं तर आणखी चांगलं. आणि मदत वाटणाऱ्यांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करू नयेत. त्या कागदांनीच अर्धी भीती पसरते, आणि पुरात ज्याची पेटी वाहून गेली तो झेरॉक्स आणणार कुठून?

पंचनाम्याशी संस्थांचा थेट संबंध नाही, तरी तुमच्या पोरांनी त्या वेळी लोकांसोबत उभं राहावं. अतिवृष्टी धरायला महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे पाणी धरणातून आलं, तिथे पर्जन्यमापकात काही दिसतच नाही. म्हणून कागदावर कारण 'पूर' लिहिलं गेलंय ना ते वाचून घ्या. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच पिकाला मदत, त्यामुळे तो आकडाही बघा. जनावर मेलं असेल तर पुरण्याआधी डॉक्टरांना बोलवा, निदान फोटो काढा. आमच्या शेजारच्या घरी गाय घाईनं पुरली गेली आणि नंतर हातात पुरावाच राहिला नाही.

यादीतून सुटणारी माणसं कोण ते आधीच लिहून ठेवा. रेशनकार्ड दुसऱ्या गावचं असलेले, नदीकाठच्या अतिक्रमणातले, वीटभट्टीवरचे, भाड्यानं राहणारे शिक्षक आणि मजूर, एकट्या म्हाताऱ्या. ही नावं ग्रामपंचायतीच्या कागदात सापडत नाहीत, पण आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना ती पाठ असतात. कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणाची बीपीची गोळी संपली असेल, हेही त्याच सांगतील. आमच्या रजिस्टरमधली निम्मी दुरुस्ती एका आशाताईनं केली, चिखलात चपला हातात घेऊन घरोघरी फिरून.

वस्तू काय मागायच्या, तर ते वस्तीला विचारूनच. आमच्याकडे कपडे इतके आले की शाळेची एक खोली भरली, आणि बादल्या, झाकणाची भांडी, ताडपत्री, मच्छरदाण्या, काडीपेट्या, सॅनिटरी पॅड यांची ओढाताण. पाणी तर सगळ्यांच्या आधी. मदतकार्याच्या जागतिक मानकांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. बाटल्यांच्या खोक्यांनी ते कधीच पुरं होत नाही. दहा टेम्पो बाटल्या येण्यापेक्षा दोन टँकर आणि विहीर उपसायला एक पंप आला तर गाव सुटतं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ती तपासणी, करायची. पाण्याला पिवळी छटा आली तरच प्यायचं. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला येतं, त्याला एक सोबती द्या, कारण त्या आठवड्यात त्याच्याकडे सगळ्या विहिरी एकदमच येतात. चिखलात उतरणाऱ्यांच्या पायांना जखमा असतील तर लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या गटाला आरोग्य केंद्राशी जोडून द्या, त्यांनी वेगळं शिबिर मांडू नये.

आणि जनावरं. आमच्याकडे तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीगच्या ढीग वाहून गेले आणि उरले ते कुजले. माणसांसाठी पन्नास फोन आले, चाऱ्यासाठी एकही नाही. पूर न लागलेल्या गावांकडे तणस असतं आणि ती द्यायला तयारही असतात, फक्त कोणी मागावं लागतं आणि गाडीभाडं कोणी तरी द्यावं लागतं. पैशानं मदत करू इच्छिणाऱ्याला आम्ही हेच सुचवायचो.

तुमच्याकडे अजून वेळ आहे, तर मे महिन्यात एवढं उरका. प्रत्येक वस्तीला जाऊन घरं मोजा. १९९१ ला नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला वर्धा नदीनं एका पहाटे २०४ माणसं नेली, त्या पाण्याच्या आठवणी जुन्या लोकांकडून ऐका आणि तुमच्या गावात तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर करून ठेवा. तहसीलदारांना भेटून टेबलाची गोष्ट आत्ताच ठरवा. पावसाळ्यात त्यांना भेटायला वेळ नसतो, आणि बदली झाली तर नव्या साहेबांना पुन्हा भेटा. आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आता सात डोंगेवाल्यांची नावं आणि फोन नंबर आहेत, कोणाचा डोंगा किती माणसं नेतो त्यासकट. मृगाच्या आधी आम्ही प्रत्येकाला फोन करून नंबर चालू आहे का ते बघतो. यंदा दोन बदलले होते.