अथेन्सहून क्रीट बेटावर विमानाने जावं की रात्रीच्या बोटीने? बरोबर आई-वडील आहेत

तुम्ही सप्टेंबरमध्ये निघालाय, आई-वडिलांनी साठी ओलांडलेली, आणि बोटीतले नऊ तास त्यांना झेपतील का, अशी धास्ती. मी या बोटीने दोनदा गेलोय. पहिल्यांदा एकटा, चिक्कूपणा करून. दुसऱ्यांदा आईला घेऊन, शहाणा होऊन. माझं मत विचाराल तर बोटीनेच जा, पण केबिन घ्या. केबिनवर खर्च करायचा नसेल तर सरळ विमान पकडा, तासाभरात पोचाल.

पहिल्या खेपेला मी डेकचं तिकीट काढलं होतं. डेक म्हणजे जागा मिळेल तिथे बसा. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून एका टी-शर्टवर गेलो. आत एसी असा की दात वाजायला लागले, बाहेर वारा असा की उभं राहवेना. आजूबाजूची ग्रीक मंडळी सरावलेली. त्यांनी झोपायच्या पिशव्या काढल्या, कोपरे धरले आणि घोरायला लागली. मी रात्रभर कॅफेटेरियाच्या खुर्चीत, समोर मोठ्याने लावलेला टीव्ही, पायावर टॉवेल. पहाटे उतरलो तेव्हा क्रीट बघायचं त्राण नव्हतं.

केबिनमध्ये मात्र गादी, स्वच्छ चादर, गरम पाण्याचा शॉवर, स्वतःचा संडास. हॉटेलची एक रात्र वाचते हे धरलं तर हिशेब फारसा महाग पडत नाही. एक गोष्ट नीट बघा: पूर्ण केबिन न घेता नुसती एकेक खाट घेतली तर पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळ्या केबिनमध्ये टाकतात. आई एका खोलीत अनोळखी बायकांबरोबर, बाबा दुसऱ्या, असं व्हायचं. शिवाय वरच्या खाटेला शिडी असते, तेव्हा तिथे तुम्हीच चढा.

खरी दमछाक बोटीत नाही, जिथून बोट सुटते त्या अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात होते. लोक बोट लागेल म्हणून गोळ्या घेऊन येतात आणि गेट शोधताना रडकुंडीला येतात. बंदर अवाढव्य आहे, ई-१ पासून पुढे ओळीने गेटं, आणि क्रीटच्या बोटी साधारण ई-२, ई-३ च्या बाजूला लागतात. तुमचं नेमकं गेट आदल्या दिवशी तपासून घ्या. विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते, सुमारे तासाभरात. पण स्टेशन आहे ई-६ च्या समोर. तिथून बॅगा ओढत चालत गेलात तर वीसेक मिनिटं जातील. त्यापेक्षा बंदराच्या आत फिरणारी मोफत बस असते, ती घ्या. मेट्रोच नको असेल तर विमानतळावरून एक्स-९६ नंबरची बस चोवीस तास असते. बोट नऊला असेल तर साडेसातला धक्क्यावर असा. बोट तुमच्यासाठी थांबत नाही.

आणखी एक: पाट्यांवर आपल्या ओळखीची नावं दिसतीलच असं नाही. क्रीटमधल्या हेराक्लिऑनला तिथे ‘इराक्लिओ’ म्हणतात. ‘चानिया’ म्हणून आपण वाचतो ते ‘हान्या’. या दोन गावांना वेगवेगळ्या बोटी जातात, आणि दोन गावांत सुमारे १४० किलोमीटरचं अंतर. तिकीट काढताना आधी ठरवा कुठे राहायचंय. हान्याची बोटही गावात लागत नाही, सूदा बंदरात लागते, तिथून गाव सात किलोमीटर.

चढायचं कुठून, हे बघून आई हबकली. बोटीचं मागचं तोंड उघडलेलं, त्यातून ट्रक उलटे आत शिरतायत, एक माणूस शिट्टी फुंकत ‘एला, एला’ (ये, ये) करतोय, लोखंडी साखळ्यांचा खणखणाट, डिझेलचा वास, आणि त्याच उतारावरून आपण पायी. आई-बाबांचा हात धरा, ट्रकवाल्यांचं लक्ष असतं पण त्यांना घाई फार. आत गेलं की सरकता जिना लागतो आणि एकदम हॉटेलात आल्यासारखं वाटतं. आईने आयुष्यात बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच एवढीच पाहिलेली. मजले मोजून झाल्यावर म्हणाली, “ही बोट कसली रे, तरंगती चाळ आहे ही.”

बोट लागण्याबद्दल: एवढी मोठी बोट सहसा फार हलत नाही. त्रास होतो तो मेल्तेमीचा. हा उत्तरेचा वारा, जोर मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबरमध्ये उतरणीला लागतो. वारा ८ बोफोर्टपर्यंत (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) चढला की मोठ्या बोटीही सोडत नाहीत, मग तुम्ही धक्क्यावर अडकता. खलाशांचे संपही अधूनमधून होतात, साधारण चोवीस तासांचे. म्हणून परतीची बोट आणि भारताचं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र अथेन्सला काढा. एवढं एक तरी ऐका.

पासपोर्टवर शिक्का वगैरे काही नसतं, प्रवास ग्रीसमधल्या ग्रीसमध्ये. तिकिटावरच्या नावासाठी जवळ मात्र ठेवा. बाबा शाकाहारी असतील तर बोटीवर पालकाचं सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ, भाजी-भात असं काही मिळतं, पण दशम्या-चटणी बरोबर असलेली बरी. गाड्यांचा मजला प्रवासात बंद असतो, तेव्हा बॅगा खाली ठेवल्यात तर औषधं आणि स्वेटर आधी काढून घ्या.

इराक्लिओला बोट पहाटे सहाच्या सुमारास लागते, आणि त्या आधीच लाउडस्पीकर उठवतो. हॉटेल एवढ्या लवकर खोली देत नाही. आम्ही बॅगा तिथे टाकल्या आणि १५४० साली पुरा झालेला व्हेनिशियन किल्ला कूलेस उजाडताना बाहेरून बघितला. मग चालत सिंहांच्या कारंज्याच्या चौकात गेलो. तिथे सकाळीच बुगात्सा मिळतो: पातळ पापुद्र्यांत रव्याचं गोड सारण, वर दालचिनी आणि पिठीसाखर. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, सांजोरीच आहे, पण वेलची विसरलेत. नऊ वाजता क्नोसॉसची २ नंबरची बस पकडली, तिथला प्राचीन राजवाडा पाचेक किलोमीटरवर आहे. आई बसमध्ये जागी होती, मीच पेंगत होतो.