कारच्या विम्यासाठी भरवशाचा एजंट किंवा ब्रोकर कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की गाडीला तीन वर्षं पूर्ण होतायत, पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय आणि शोरूम, नात्यातल्या ओळखीचा एक एजंट आणि एक ब्रोकर अशा तिघांनी तीन वेगळे आकडे सांगितलेत. एजंटचा आकडा सगळ्यांत कमी आहे, पण भरवसा कोणावर ठेवावा ते कळत नाही.

मी कोल्हापूर-सांगली भागात वाहन विम्याचा सर्वेअर आहे. अपघातानंतर गॅरेजमध्ये जाऊन नुकसान मोजायचं आणि कंपनीला अहवाल द्यायचा, हे माझं काम. मी पॉलिसी विकत नाही. पण क्लेमच्या वेळी कोणत्या एजंटचं गिऱ्हाईक अडकतं आणि कोणाचं सुखरूप सुटतं, हे सतत डोळ्यांसमोर असतं. त्यावरून बनलेलं माझं मत असं, की एजंटने आकडा देण्याआधी तुम्हाला काय काय विचारलं, ते आधी बघा.

आधी आकड्यांमधला फरक समजून घ्या. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, हप्ता सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला तो ३,४१६ रुपये होता, जीएसटी वेगळा. म्हणजे तिघांच्या आकड्यांत जो फरक आहे तो सगळा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आहे. आणखी एक. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तुमची गेली दोन नूतनीकरणं बहुधा फक्त स्वतःच्या नुकसानीची झाली असतील. आता दोन्ही भाग एकदम संपतायत, म्हणून यंदाचा आकडा मोठा दिसणारच. हे तिघांपैकी कोणी आपणहून सांगितलं का? सांगितलं असेल तर तो माणूस निदान जुनी पॉलिसी उघडून वाचतो.

स्वतःच्या नुकसानीचा हप्ता कमी दाखवायच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली वाट आयडीव्ही खाली आणायची. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळायची रक्कम म्हणजे आयडीव्ही. रूढ तक्त्याप्रमाणे तीन वर्षं ओलांडलेल्या गाडीला किमतीतून ४० टक्के घसारा जातो, म्हणजे आठ लाखांच्या गाडीची आयडीव्ही ४ लाख ८० हजारांच्या आसपास यायला हवी. कंपन्या थोडं वरखाली करतात, ते चालतं. पण कोणी साडेतीन लाख धरून हप्ता स्वस्त केला असेल, तर त्याने तुमचेच लाखभर रुपये तुम्हाला न विचारता कापले आहेत. दुसरी वाट झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, गुपचूप काढून टाकायची. ते नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर क्लेममध्ये ५० टक्के कपात होते. गॅरेजमध्ये सगळ्यांत जास्त वाद मी याच एका गोष्टीवरून पाहतो, कारण किरकोळ धडकेत सगळ्यांत आधी बंपरच फुटतो. तिसरी वाट 'स्वेच्छेची कपात' घालायची. त्यात प्रत्येक क्लेममधले पहिले काही हजार तुमच्या खिशातून जातात. गिऱ्हाईकाला विचारून ती घातली असेल तर त्यात वावगं काही नाही.

चौथी वाट मात्र सरळ धोक्याची आहे, ती म्हणजे खोटा नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत ही सूट चढत जाते. मध्ये क्लेम घेतला की ती शून्यावर येते. काही एजंट कंपनी बदलताना क्लेम झालेलाच नाही असं भरून देतात, आणि गिऱ्हाईकाला वाटतं, माणसाने काय छान सवलत मिळवून दिली! पुढे अपघात झाला की नवी कंपनी जुनीकडून खात्री करून घेते आणि खोटं तिथेच उघडं पडतं. अशा फायली माझ्याकडे आल्या आहेत. दीड-दोन हजारांच्या सवलतीपायी लाखभराचा क्लेम नामंजूर झालेला असतो आणि मालकाला शेवटपर्यंत माहीत नसतं, की त्याच्या नावाने खोटं लिहून दिलं होतं. एजंटचा फोन त्या वेळी लागत नाही.

म्हणून म्हणतो, प्रश्न विचारणारा माणूस शोधा. गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का? सीएनजी किट बाहेरून बसवलंय का, आणि ते आरसीवर चढवलंय का? गाडी कधी भाड्याने देता का? पावसाळ्यात कुठे उभी असते, तळघरातल्या पार्किंगमध्ये? हे प्रश्न ऐकायला कटकटीचे वाटतात, पण यातलं प्रत्येक उत्तर पुढे क्लेम फॉर्मवर येणारच असतं. किट पॉलिसीत नोंदवलेलं नसेल किंवा खासगी गाडी भाड्याने फिरत असताना ठोकली असेल, तर मालकाच्या कितीही विनवण्यांनी उपयोग होत नाही.

पावसाळ्याचं मी मुद्दाम विचारतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी घाईने सेल मारला, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकले. साध्या 'फर्स्ट पार्टी' पॉलिसीत इंजिनाचं हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. काही एजंटांनी पूर चढत असतानाच आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडला होता: गाडी पाण्यात असेल तर सेल मारू नका, फोटो काढा, टो करून न्या. त्या एका निरोपाने अनेकांची इंजिनं वाचली. असा एजंट मिळाला तर हजार-पाचशे रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या.

आता एजंट आणि ब्रोकर यांतला फरक. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि नियमाप्रमाणे त्याला एकाच जनरल इन्शुरन्स कंपनीचं काम करता येतं. त्यामुळे 'एजंट' म्हणवणारा कोणी पाच कंपन्यांचे आकडे दाखवत असेल, तर तो बहुधा एखाद्या ब्रोकरच्या हाताखालचा पीओएसपी, म्हणजे त्याच्या वतीने पॉलिसी विकणारा माणूस, आहे. ते कायदेशीर आहे, पण मग कोणत्या ब्रोकरचा, हे विचारा. ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूने काम करायला बांधलेला असतो. त्याला आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेची नोंदणी लागते आणि नोंदणीकृत ब्रोकरांची यादी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघता येते. शोरूमवाल्यांसाठी २०१७ पासून वेगळे नियम आहेत. विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती शोरूमला करता येत नाही. 'बाहेरून घेतलात तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही' असं म्हणाले तर घाबरू नका. कॅशलेस हे विमा कंपनी आणि गॅरेज यांच्या करारावर असतं. कंपनीच्या यादीत तुमचं गॅरेज आहे का, तेवढं पाहा.

भाऊ-काका-मावसा एजंट असेल तर माझा आक्षेप त्यांच्या प्रामाणिकपणावर नाही. अडचण अशी, की आपण त्यांना कागद मागत नाही. परक्याला जे विचारलं असतं ते त्यांना विचारताना जीभ अडखळते. तुम्हाला मोकळेपणाने विचारता येत असेल तर खुशाल त्यांच्याकडून घ्या.

कागदावरच्या तीन गोष्टी अजिबात सोडू नका. पैसे कंपनीच्याच नावाने भरा, चेकने किंवा कंपनीच्या लिंकवर. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटच्या खात्यावर टाकलेले पैसे त्याने चार दिवसांनी भरले आणि त्या चार दिवसांत गाडी ठोकली, तर तुमच्याकडे पॉलिसीच नसते. दुसरं, पॉलिसीवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. कित्येक एजंट स्वतःचा नंबर टाकतात, मग कंपनीची पत्रं आणि ओटीपी सगळे त्यांच्याकडे जातात. तिसरं, पॉलिसीच्या पहिल्या पानावर मध्यस्थाचं नाव आणि कोड छापलेला असतो. तिथे तुमच्या समोर बसलेल्या माणसाचं किंवा त्याच्या ब्रोकरचं नाव नसून भलत्याच कोणाचं असेल, तर उद्या तुम्ही जाब कोणाला विचारणार? पॉलिसी हातात आल्यावर तिचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. बनावट पॉलिस्यांचे प्रकार घडतात, विशेषतः जुन्या गाड्यांच्या व्यवहारात.

दोन वाक्यं कानावर पडली तर तिथून उठा. एक, 'सर्वेअर आपल्या ओळखीचा आहे.' माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असं म्हणणारा एजंट बहुतेक वेळा थाप मारत असतो. खरं बोलत असेल तर ते आणखी वाईट, कारण फेरतपासणीत सापडतं ते गिऱ्हाईक. दुसरं, 'जुने डेंटही याच क्लेममध्ये बसवू.' जुन्या घासलेल्या जागेवरचा गंज आणि धूळ आम्हाला ओळखू येते, आणि मग खऱ्या नुकसानीवरही संशय बसतो. कमिशनमधून पैसे परत देतो म्हणणाऱ्याबद्दलही सांगतो. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे असं देण्याघेण्याला मनाई आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. हा प्रकार सर्रास चालतो हे मला ठाऊक आहे, तरी कमाई सोडून देणारा माणूस रात्री अकरा वाजता अपघाताच्या जागेवरून केलेला फोन का उचलेल, याचा विचार करा.

माहिती काढायची असेल तर तुमच्या भागातल्या मोठ्या गॅरेजच्या बॉडीशॉपमध्ये जा आणि क्लेमची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला विचारा, कोणते एजंट क्लेमच्या वेळी स्वतः येतात. दोन-तीन नावं तो लगेच सांगेल. इंटरनेटवरच्या रेटिंगच्या चांदण्यांपेक्षा हे उत्तर मला जास्त खात्रीचं वाटतं.

तक्रारीची वेळ आलीच तर आधी कंपनीला लेखी कळवा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी लागत नाही, आणि २०२१ पासून ब्रोकरविरुद्धच्या तक्रारीही तिथे चालतात. आयआरडीएआयचं बिमा भरोसा पोर्टल आणि १५५२५५ हा नंबरही आहे.

तुमच्याकडे अजून महिना आहे, तो वापरा. तिघांनाही एकच मजकूर पाठवा: आयडीव्ही अमुक, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्टसह, स्वेच्छेची कपात शून्य, आणि तीन वर्षांत क्लेम झाला आहे किंवा नाही हे खरं खरं लिहून. नवा आकडा लेखी मागवा. मुदत मात्र चुकवू नका. पॉलिसी खंडित झाली तर आधी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ९० दिवस उलटले तर साठवलेला नो क्लेम बोनसही जातो.